झिऱ्यावरचा अनधिकृत सलोखा

एका जंगलात, मुलांनो, दोन मजले होते.

वरच्या मजल्यावर वानर राहत. खालच्या मजल्यावर रानडुकरे राहत. मधला जिना कुणी बांधला नव्हता, कारण तो कुणी मागितलाच नव्हता.

वानर लांब शेपटीचे आणि फार सुसंस्कृत होते. अर्धे उंबर खाऊन झाले की उरलेले अर्धे ते खाली टाकत. खाली कुणी आहे का, हे ते बघत नसत. खाली बघणे त्यांच्या घराण्यांत कमीपणाचे समजत. रानडुकरे फार कष्टाळू होती. ती दिवसभर जमीन उकरत, कंद खात आणि झाडाच्या बुंध्याला कराकरा पाठ घासत. वर कुणाचे तान्हे झोपले आहे का, हे ती बघत नसत. डुकराची मान वर वळत नाही, आणि वळली असती तरी त्यांनी वळवली नसती.

एकमेकांविषयी मात्र दोघांनाही सखोल ज्ञान होते.

वानरांच्या आया पिलांना सांगत, "डुकराचा श्वास लागला की शेपटी गळते." डुकरांच्या आया पिलांना सांगत, "वानरं पिलांचे कान उपटून नेतात आन वर फांदीवर वाळत घालतात."

आजवर एकाही वानराची शेपटी गळली नव्हती. फांदीवर वाळत घातलेला कानही कुणी पाहिला नव्हता. पण म्हणून काय झाले? आपण आधीपासून जपतो म्हणूनच हे प्रकार टळले, असे दोन्हीकडचे जाणकार सांगत. जाणकार म्हटले की ऐकावेच लागते.

वानरांचे पुढारी होते शेंडेसरकार. ते सर्वांत उंच अर्जुनाच्या शेंड्यावर बसत आणि रोज सकाळी सभा घेत. "सावध राहा! खालचे वर येत आहेत!" असे ते गर्जत. डुक्कर झाडावर कसे चढणार, हे कुणी विचारत नसे. डुकरांचे पुढारी होते मुसंडेआप्पा. तेही रोज सभा घेत. "वरचे आपल्या डोक्यावर बसलेत!" असे ते डुरकत. हे मात्र भूगोलाच्या दृष्टीने खरे होते.

हे दोन पुढारी एकमेकांचे कट्टर वैरी होते. सिंहमहाराजांच्या दरबारात ते शेजारी शेजारी बसत आणि एकाच अडकित्त्याने सुपारी कातरून खात. पण ते दरबारी कामकाज. त्याचा इथे संबंध नाही.

एके दिवशी शेजारच्या जंगलातल्या सिंहाला सलोख्याबद्दल मानाची ढाल मिळाली. आपल्या महाराजांना रात्रभर झोप लागली नाही. दिवसाही थोडी कमीच लागली.

"आपल्याकडे सलोखा का नाही?" त्यांनी दरबारात विचारले.

प्रधान म्हणाला, "महाराज, तशी मागणी नव्हती."

"मग ताबडतोब निर्माण करा!"

"मागणी?"

"सलोखा, मूर्खा!"

त्याच दिवशी सलोखा खाते उघडले. त्यावर बगळेसाहेबांची नेमणूक झाली. ते पांढरेशुभ्र होते, डोळे मिटून बसत, आणि काही न करता एका पायावर चार चार तास उभे राहत. खात्याला आणखी काय हवे?

बगळेसाहेबांनी एक शास्त्र वाचले होते. दोन समाज एकमेकांना भेटले, मिसळले, एका कामाला लागले, की त्यांचे गैरसमज दूर होतात, असे त्यात लिहिले होते. शास्त्र खरेच होते, मुलांनो. फक्त त्यात मध्ये बगळा उभा करा, असे कुठे लिहिले नव्हते.

त्यांनी भव्य सलोखा मेळावा भरवला.

वानर फांद्यांवर बसले. डुकरे खाली रांगेत बसली. सोय म्हणून ज्याला त्याला त्याच्या नेहमीच्या जागीच बसवले होते. शेंडेसरकार बोलायला उभे राहिले. "मी आयुष्यात कधी भेद मानला नाही," ते म्हणाले. "माझ्याच झाडाखाली दोन डुकरं राहतात. चांगली आहेत हो बिचारी. इतर डुकरांसारखी नाहीत."

टाळ्या पडल्या. वरून जास्त पडल्या.

मुसंडेआप्पा म्हणाले, "वानर आमचे थोरले भाऊ आहेत. थोरल्या भावानं धाकट्याच्या डोक्यावर उष्टं टाकू नये, एवढीच प्रेमाची विनंती."

मग सहभोजन झाले. वर वानर जेवले, खाली डुकरे जेवली. दोघे एकाच वेळी जेवले, म्हणून ते सहभोजन. शेवटी एका तरुण वानराला आणि एका तरुण डुकराला पुढे बोलावून मिठी मारायला लावले. सुतारपक्ष्याने ते दृश्य फळीवर कोरले. कोरून होईपर्यंत दोघे श्वास रोखून उभे होते. नंतर दोघांनीही अंघोळ केली. एकाने पाण्यात, एकाने चिखलात.

घरी गेल्यावर वानर म्हणाले, "पाहिलंत? कशी मचमच करून खातात!" डुकरे म्हणाली, "पायलंत? आपन खात हुतो तवा वरनं कशे खी खी हसत हुते!"

आधी दोघांकडे नुसता संशय होता. आता पुरावा मिळाला.

बगळेसाहेबांनी अहवाल लिहिला : मेळावा यशस्वी. उपस्थिती उत्तम. मारामाऱ्या फक्त चार.

मग वैशाख आला.

जंगलात दोन पाणवठे होते. वानरांचा वेगळा, डुकरांचा वेगळा. पाण्याला वरचे-खालचे समजत नाही, त्यामुळे दोन्ही एकाच आठवड्यात आटले. नदी तर आधीच वाळली होती. पात्रात नुसती वाळू आणि तापलेले गोटे.

वानरांत मंदाकिनीबाई नावाची एक म्हातारी होती. तिची लेक फाल्गुनात बिबट्याने नेली होती. मागे राहिली तीन महिन्यांची नात, शेवंती. ती आजीच्या पोटाला चिकटून असे. दोन दिवसांपासून तिचे ओठ सुकले होते. तिसऱ्या दिवशी तिने मान वर केली नाही.

मंदाकिनीबाई शेंडेसरकारांकडे गेली. "सरकार, काहीतरी करा हो. पोर हातची जाईल."

"परिस्थिती गंभीर आहे, मंदाकिनीबाई," सरकार म्हणाले. "आपलं पाणी खालच्यांनी पळवलंय. उद्या आपण कडक निषेध करणार आहोत."

"निषेध पाजता येतो का पोरीला?"

"पाजता येत नाही. पण करावा लागतो."

मंदाकिनीबाईने शेवंतीला पोटाशी घट्ट धरले. भर दुपारी, सगळे सावलीत पेंगत असताना, ती फांद्याफांद्यांवरून नदीकडे गेली. काठावरच्या जांभळाच्या सर्वांत खालच्या फांदीवर ती उतरली. इतक्या खाली ती जन्मात आली नव्हती.

पात्रात एक रानडुकरीण होती. म्हणजे तिचा मागचा अर्धा भाग दिसत होता. पुढचा वाळूत होता. मागे वाळूचा फवारा उडत होता. करंजाच्या सावलीत चार पट्टेरी पिले जिभा काढून पडली होती. या डुकरिणीचे नाव धुरपदा.

मंदाकिनीबाई डुकराशी कधी बोलली नव्हती. त्यामुळे तिला जो सूर ठाऊक होता त्यातच ती बोलली. "काय गं ए, काय चाललंय तिकडे?"

"दिसत न्हाई व्हय? पानी काडतीया," खड्ड्यातून आवाज आला.

"वाळूत कुठलं पाणी?"

"वरनं न्हाई दिसत. खाली असतंय."

मंदाकिनीबाईने शेवंतीच्या सुकलेल्या ओठांकडे पाहिले. मग तिने सूर बदलला. म्हाताऱ्या माणसाला ते फार जड जाते, मुलांनो. "मला थोडं देशील का गं? मला नको. या नातीपुरतं."

धुरपदाने डोके बाहेर काढले. तिचे नाकाड वाळूने भरले होते. मान तिरपी करून तिने शेवंतीकडे पाहिले.

"आई कुठं हिची?"

"बिबट्यानं नेली."

धुरपदा पिलांकडे बघून म्हणाली, "माझी पाच हुती. आता चार हायती."

"त्याच बिबट्यानं?"

"दुसरा हाय कुठं?"

त्या जंगलात बिबट्या एकच होता. आणि दोन्ही समाजांत अजिबात भेद न करणाराही तो एकटाच होता. त्याला कुणी ढाल दिली नाही.

धुरपदा म्हणाली, "अजून पानी लागल्यालं न्हाई. हातभर खोल जायाचं हाय. पन डोस्कं खाली घातलं की मागचं कळंना. सारखं भाईर काडून बगाया लागतंय. अशानं पानी कवा लागायचं?"

"तू उकर. मी बघते," मंदाकिनीबाई म्हणाली. "इथून दोन्ही काठ दिसतात. काही हललं तर खॅक करून ओरडेन."

"आन न्हाई वरडलीस तर?"

"मग तुला बिबट्या नेईल, आणि मला पाणी कोण देईल?"

धुरपदाने विचार केला. मुसंडेआप्पांच्या कुठल्याही भाषणापेक्षा हे बोलणे तिला सरळ वाटले. तिने डोके पुन्हा वाळूत घातले, आणि या खेपेला बराच वेळ बाहेर काढले नाही.

ऊन कलायच्या आत झिरा फुटला. तळहाताएवढे गार पाणी वाळूतून वर आले.

मंदाकिनीबाई खाली आली. ओंजळीत पाणी घेऊन तिने शेवंतीच्या ओठांना लावले. पहिला घोट बाहेर आला. दुसरा आत गेला. धुरपदा अगदी जवळ येऊन फुसफुसत बघत होती. तिचा ऊन श्वास दोघींच्या अंगावर येत होता. मंदाकिनीबाईने हळूच मागे वळून पाहिले. शेपटी होती.

तोवर पिले पाण्याकडे धावली. धाकट्या पिलाच्या कानात टपोरा गोचीड होता. गोचीड दिसला की वानराचा हात राहत नाही. तिने पटकन त्याचा कान धरला.

"कान सोड!" धुरपदाचे केस उभे राहिले.

"अगं, गोचीड आहे. हा बघ." तिने तो काढून दाखवला आणि सवयीने खाऊनही टाकला.

धुरपदा त्या कानाकडे बघत राहिली. कान जागच्या जागी होता. मग ती म्हणाली, "दुसऱ्या कानातबी बग की मावशे."

दुसऱ्या दिवशी मंदाकिनीबाई दोन तहानलेल्या शेजारणींना घेऊन आली. धुरपदाबरोबर तिच्या तीन जावा आल्या. चौथ्या दिवशी पोरेटोरे आली. आठवड्यात नदीच्या पात्रात सहा झिरे झाले, आणि दोन्ही मजल्यांची निम्मी वस्ती दुपारची तिथेच दिसू लागली. डुकरे उकरत. वानर पहारा करत. वानर वरून बेलफळे टाकत, पण आता आधी "खाली कोण आहे गं?" असे विचारून टाकत. वानरांची पोरे डुकरांच्या पाठीवर बसून वाळूत हिंडत. बिबट्या दोनदा आला आणि दोन्ही वेळा खॅकखॅक ऐकून उपाशी गेला.

तिथे कुणी भाषण केले नाही. कुणी कुणाला मिठी मारली नाही.

भांडणे मात्र झाली, अगदी भरपूर. एक दांडगा डुक्कर झिऱ्यातच लोळला आणि सगळ्यांचे पाणी गढूळ झाले. मंदाकिनीबाईने त्याला वाळूचा गोळा फेकून मारला. "हावरट मेला!" ती ओरडली.

एक वानरीण म्हणाली, "सगळी डुकरं तसलीच."

"सगळी कशाला?" मंदाकिनीबाई म्हणाली. "हाच हावरट आहे. याची बायकोसुद्धा वैतागलीय याला."

त्या जंगलात एखाद्याला एकट्याने हावरट असण्याचा मान पहिल्यांदाच मिळत होता. तोवर जो तो आपापल्या जातीच्या वतीने हावरट असे.

इकडे शेंडेसरकारांनी सकाळची सभा बोलावली. समोर सातच वानर आले. त्यांतले तीन बहिरे होते.

"सावध राहा! खालचे वर येत आहेत!" सरकार गर्जले.

एक म्हातारा म्हणाला, "नाही हो सरकार. आम्हीच खाली जातो. तिथं गार असतं."

मुसंडेआप्पांच्या सभेला तर कुणीच आले नाही. त्यांनी झाडाला भाषण केले आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दरबारात दोघे सुपारी कातरत बसले, पण कुणाच्या तोंडाला चव नव्हती. "आप्पा," शेंडेसरकार हळूच म्हणाले, "लोक असे भेटायला लागले तर आपण कसं जगायचं?" आप्पांच्या डोळ्यांत पाणी आले. असा जिव्हाळा, मुलांनो, आजकाल सख्ख्या भावांत बघायला मिळत नाही.

दोघे मिळून बगळेसाहेबांकडे गेले.

बगळेसाहेबांना सर्वांत जास्त दुःख झाले. त्यांचा वरचा पायसुद्धा खाली टेकला. "माझ्या खात्याला न कळवता सलोखा? उद्घाटन झालं का? फलक आहे का? कुणाच्या अध्यक्षतेखाली चाललाय?"

"कुणाच्याच नाही."

"मग तो सलोखा नव्हे. ती नुसती गर्दी आहे."

ते स्वतः झिऱ्यावर आले. धुरपदा उकरत होती. मंदाकिनीबाई फांदीवर होती.

"या उपक्रमाचं नाव काय?" साहेबांनी विचारले.

"पानी," धुरपदा म्हणाली.

"उद्दिष्ट?"

"पिनं."

"लाभार्थी कोण?"

"ज्याला तान लागंल त्यो."

साहेबांनी मान हलवली. "दोन समाजांत इथं सलोखा आहे, असं माझ्या कानावर आलंय. कधीपासून आहे?"

मंदाकिनीबाई घाबरली. "आम्हाला काही कल्पना नाही, साहेब. कुणी आधी सांगितलं असतं तर जपून वागलो असतो."

आठवडाभरात झिऱ्याचे शासकीय सलोखा केंद्र झाले. महाराज आले. त्यांनी वेलीची फीत दातांनी तोडली आणि भाषण करता करता तीन वेळा जांभई दिली. पाच झिरे नकाशात बसत नव्हते म्हणून बुजवले. उरलेल्या एकाभोवती बाभळीच्या काट्यांचे कुंपण घातले. त्याला दोन दरवाजे ठेवले. वरच्यांचा एक, खालच्यांचा एक.

मग बगळेसाहेबांनी नियम वाचून दाखवले. दोन समाज एकाच वेळी आले तर तंटा होऊन सलोखा बिघडण्याचा धोका आहे. तरी वानरांनी सकाळी यावे, डुकरांनी संध्याकाळी. दोघांना वेळ अगदी समसमान.

"साहेब," मंदाकिनीबाई म्हणाली, "ही उकरतात तेव्हा आम्ही पहारा करतो. आम्ही सकाळी आणि ही संध्याकाळी, तर पहारा कुणी करायचा?"

"पहाऱ्याचं खातं वेगळं आहे. तिकडे अर्ज करा."

"आन रातीत वाळू ढासळली तर सकाळच्याला झिरा कुनी उकरायचा?" धुरपदाने विचारले. "त्येस्नी उकराया येत न्हाई."

"चांगली सूचना आहे. लेखी द्या."

डुकराला लिहिता येत नाही, हे साहेबांना ठाऊक होते. पण नियम सर्वांना सारखाच असतो.

पुढे काय झाले असेल, तुम्ही ओळखलेच असेल. रोज रात्री वाळू ढासळे. सकाळी वानर येत, तेव्हा झिऱ्यात मूठभर गढूळ पाणी असे. "खालच्यांनी मुद्दाम बुजवला," शेंडेसरकार सांगत. संध्याकाळी डुकरे येत, तेव्हा जांभळावर कुणी नसे. माना खाली घालून पाणी पिताना त्यांच्या पाठीवर काटा येई. "वरच्यांनी हात वर केले, ऐन वेळंला," मुसंडेआप्पा सांगत. त्यांनी आणखी एक सूचना दिली, "संध्याकाळी वरून कुणी ओरडलं तर ढळू नका. आपण पाणी पिऊ नये म्हणून ते ओरडणार आहेत."

सभा पुन्हा भरू लागल्या. बहिरेसुद्धा पुढच्या फांदीवर बसू लागले.

मंदाकिनीबाई मात्र रोज संध्याकाळी लपून जांभळावर येई. वानरांची वेळ संपलेली असे. पानांत अंग चोरून, शेवंतीला पोटाशी धरून ती बसे आणि दोन्ही काठ बघे. धुरपदाला ते माहीत नव्हते. तिला सांगणार कसे? भेट कुठे होत होती?

आठव्या संध्याकाळी पलीकडच्या काठावरचे गवत हलले. वारा नव्हता.

मंदाकिनीबाई होती नव्हती ती ताकद लावून ओरडली, "खॅक! खॅक! खॅक!"

कुंपणात वीस-पंचवीस डुकरे होती. एक म्हणाला, "सुरू झाली बगा वरच्यांची नाटकं." दुसरा म्हणाला, "ढळू नगा. आप्पांनी सांगितलंय."

धुरपदाने मात्र झटकन डोके वर काढले. तो आवाज तिच्या मावशीचा होता. तो खोटे बोलत नसे. तिने चारही पिलांना मुसंडी मारून दरवाजाबाहेर ढकलले आणि ओरडली, "पळा रं! ती मंदामावशी हाय!"

धुरपदाने आवाज ओळखला. बाकीच्यांनी फक्त जात ओळखली.

बिबट्या कुंपणावरून आत आला. दोन दरवाजांत एकच कल्लोळ झाला. धुरपदा परत फिरून त्याच्या अंगावर गेली. तिच्या कुशीवर पंजा बसून चामडी फाटली. फांदीवरून मंदाकिनीबाई किंचाळत होती, फांद्या मोडून बिबट्यावर फेकत होती. तो गेला. पण रिकामा गेला नाही. ठकू नावाच्या एका डुकरिणीचे एकुलते पिलू त्याच्या तोंडात होते.

ठकूने खॅक ऐकला होता. तिन्ही वेळा ऐकला होता. ती ढळली नव्हती.

सगळे पांगल्यावर मंदाकिनीबाई खाली उतरली आणि ठकूजवळ वाळूत बसली. ठकूच्या पाठीवर हात फिरवत राहिली. ठकूने तो हात झटकला नाही.

प्रकरणाची चौकशी झाली. कसून झाली. बगळेसाहेबांनी तीन निष्कर्ष काढले. एक, मंदाकिनीबाई वेळ संपल्यावर केंद्राच्या हद्दीत होती. दोन, तिने आरडाओरडा करून शांतताभंग केला. तीन, धुरपदाने धक्काबुक्की करून रांग मोडली. बिबट्याने कोणताही नियम मोडल्याचे आढळले नाही. तो ना वानर होता ना डुक्कर, त्यामुळे त्याला वेळ ठरवून दिलेली नव्हती.

वानर म्हणाले, म्हातारी खालच्यांना फितूर आहे. डुकरे म्हणाली, म्हातारीनेच बिबट्याला खूण केली. दोघींना केंद्रात कायमची बंदी झाली. या निर्णयाचे दोन्ही समाजांनी एकदिलाने स्वागत केले. केंद्र सुरू झाल्यापासून त्यांचे एकमत झाले ते याच एका बाबतीत, म्हणून ते अहवालात ठळक अक्षरांत घातले गेले.

त्याच सुमारास ढाल देणारे पाहुणे पाहणीला येणार, असा निरोप आला. केंद्राला एक फलक हवा होता. फलकावर सलोख्याचे चित्र हवे होते. वानर आणि डुक्कर एकमेकांशेजारी हसत उभे आहेत, असे चित्र काढायला दुसरे कुणी तयार होईना. तेव्हा सुतारपक्ष्याने आठवणीने मंदाकिनीबाई आणि धुरपदा कोरल्या. चित्र फार सुरेख झाले. धुरपदाच्या कुशीवरची जखम वगळली होती. खाली लिहिले होते, 'हेच आपले जंगल.' त्या फलकाखालून आत जायला फक्त दोघींना मनाई होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुरपदा मंदाकिनीबाईच्या झाडाखाली येऊन उभी राहिली. "मावशे, खाली ये," ती म्हणाली. "वरल्या अंगाला नदीचं एक वळान हाय. हद्दीच्या भाईर. तितं वाळू वलसर लागती."

"तुझी जखम भरलेली नाही."

"चालताना दुकत न्हाई. हितं थांबल्यावर दुकती."

मंदाकिनीबाई उतरली. दोघी निघाल्या. मागे चार पिले, आणि थोरल्या पिलाच्या पाठीवर शेवंती. थोडे पुढे गेल्यावर मागून धापा टाकत कुणी येताना ऐकू आले. ती ठकू होती.

"तू कशाला येतीस?" धुरपदाने विचारले. "आप्पा तुला वाळीत टाकतील."

ठकू धुरपदाला ओलांडून पुढे आली. ती मंदाकिनीबाईसमोर उभी राहिली. तिला वर बघता येत नव्हते, म्हणून म्हातारीच वाळूत खाली बसली.

"मावशे," ठकू म्हणाली, "तुजं वरडनं खरं कंचं आन उगाचचं कंचं, त्ये मला वळकाया शिकव."

"ये," मंदाकिनीबाई म्हणाली. "वाटेत शिकवते."

त्या वळणावर पाणी लागले की नाही, याची नोंद सरकारी दप्तरात नाही. पुढच्या महिन्यात आणखी पंधरा-वीस जण तिकडे गेले आणि परत आले नाहीत, एवढेच लोक सांगतात.

इकडे केंद्रातला झिरा ज्येष्ठाच्या आत आटला. सकाळी वानर येईनात, संध्याकाळी डुकरे येईनात. पाहुणे पाहणीला आले, तेव्हा कुंपण नीटनेटके होते, दोन्ही दरवाजे झाडून ठेवले होते, आणि आत बगळेसाहेब एका पायावर उभे होते.

"गेल्या महिन्यात इथं किती तंटे झाले?" पाहुण्यांनी विचारले.

"एकही नाही," बगळेसाहेब म्हणाले.

महाराजांना ढाल मिळाली.

तात्पर्य : मुलांनो, परक्या समाजातल्या कुणाशी कधीही ओळख करून घेऊ नये. ओळख झाली की तो एकेकटा दिसू लागतो, त्याला नाव असते, नात असते, त्याच्या कानात गोचीड असतो. मग त्याचा द्वेष करायचा तर प्रत्येकासाठी वेगळे कारण शोधावे लागते, आणि एवढी मेहनत कुणाला होणार? त्यापेक्षा आपण आपल्या वेळेला यावे, त्यांनी त्यांच्या वेळेला यावे, आणि मधल्या वेळेत पुढाऱ्यांनी सुपारी खावी. यालाच सलोखा म्हणतात.